फोर-के केल्याने काळ्या पट्ट्या जातात का?

‘व्हिडिओच्या कडेला काळ्या पट्ट्या? फोर-केमध्ये एक्सपोर्ट करा, जातील’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. पण पट्ट्या येतात त्या रुंदी-उंचीच्या प्रमाणामुळे. १९२० × १०८० पिक्सेल (फुल एचडी) काय, ३८४० × २१६० (फोर-के) काय, दोन्ही १६:९च. लग्नाच्या जुन्या कॅसेटचं ४:३ चित्र १०८० उंचीला १४४० रुंद भरतं. दोन्ही बाजूंना २४०-२४० पिक्सेल काळे उरतात. फोर-केत तेच ४८०-४८० होतात.

ताणून बसवलं तर नवरा-नवरी फुगतात. झूम करून भरलं तर वर-खाली मिळून पाव चित्र कापलं जातं (आधी मुंडावळ्या!). त्यापेक्षा मला पट्ट्या बऱ्या वाटतात.

पडताळायचं असेल तर मूळ फाइलच्या प्रॉपर्टीजमधल्या रुंदीला उंचीने भागा. १.३३ आलं तर चित्रच ४:३ आहे. १.७८ (म्हणजे १६:९) येऊनही १६:९ पडद्यावर पट्ट्या दिसल्या, तर त्या फाइलमधल्या चित्रातच आहेत. तिथे क्रॉपच करावं लागतं.