कीवर्ड कोंबून वेबसाइट वर येत नाही

सोलापुरात चादरी-टॉवेलवाल्यांना वेबसाइट बनवून देताना अजूनही सांगितलं जातं, पानाच्या कोडमधल्या ‘कीवर्ड’ टॅगमध्ये, म्हणजे शोधशब्द लिहायच्या जागेत, शंभर शब्द भरा, गूगलवर वर याल. हे खरं नाही. क्रमवारी लावताना हा टॅग विचारातच घेत नाही, असं गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं. हा टॅग वाचकाला दिसत नाही, म्हणून त्यात कुणीही काहीही भरायचं. टॉवेल विकणाराही ‘पैठणी’ लिहून मोकळा!

गूगल ज्यात शोधतं ती खरी सूची बनते पुस्तकाच्या शेवटच्या शब्दसूचीसारखी. गूगलचा प्रोग्राम लिंकवरून लिंकवर जात पानं वाचतो आणि कोणता शब्द कोणकोणत्या पानांवर आहे, हे नोंदवून ठेवतो. ‘जेकार्ड चादर’ शोधलं, की आधी याच नोंदी चाळल्या जातात. मग मजकूर, इतरांनी दिलेल्या लिंक अशा अनेक गोष्टींवरून क्रम ठरतो.

म्हणून नुसता दरपत्रकाचा फोटो टाकू नका. चादरीचं माप, सूत, धुण्याची रीत पानावरच लिहा, गिऱ्हाईक दुकानात विचारतं त्याच शब्दांत. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तेही लिहा. आणि प्रत्येक पानाला वेगळं शीर्षक द्या. सगळीकडे ‘मुख्यपृष्ठ’ नको.