एका फोटोची ४५ मिनिटं

बाहेर गडद निळं आभाळ, आत दिवे लागलेली बैठकीची खोली. गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत हमखास दिसणारा हा फोटो विसाव्या शतकाच्या मध्यावर कॅलिफोर्नियात रुळला, आणि त्यामागे मुख्य कारण होतं काचेचं.

तिथल्या नव्या घरांत भिंतींच्या जागी जमिनीपासून छतापर्यंत काच आली. मग घर दाखवायचं तर आतलं आणि बाहेरचं एकाच चौकटीत आणणं भाग पडलं. भर दुपारी ते जमत नाही. खोलीला पुरेल इतका वेळ कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवलं तर बाहेर सगळं पांढरंफटक, बाहेरचं सांभाळलं तर खोली काळीकुट्ट. सूर्य मावळल्यावर काही मिनिटं मात्र आकाशाचा आणि दिव्यांचा उजेड तोलामोलाचा होतो.

इमारतींचे फोटो काढणारे अमेरिकन छायाचित्रकार ज्यूलियस शुलमन (१९१०–२००९) यांनी ही मिनिटं पुरेपूर वापरली. १९४७ साली ते पाम स्प्रिंग्जला वास्तुरचनाकार रिचर्ड न्यूट्रा यांनी रचलेल्या कॉफमन यांच्या घराचे फोटो काढत होते. न्यूट्रांना ते आत, खोल्या टिपत राहायला हवे होते. शुलमन मात्र मावळतीचा उजेड बघून बाहेर पळाले. तो एक फोटो घ्यायला ४५ मिनिटं लागली. कॅमेरा जागचा हलवायचा नाही; शटर थोडं उघडायचं, मिटायचं, आत धावत जाऊन दिवे लावायचे किंवा मालवायचे, पुन्हा उघडायचं. आकाश, डोंगर, खोल्या, प्रत्येकाच्या वाट्याचा उजेड एकाच फिल्मवर वेगवेगळ्या वेळी साठत गेला. पोहण्याच्या तलावातला दिवा डोळ्यांवर येत होता, म्हणून त्याच्या आड कॉफमनबाईंनाच आडवं पहुडायला सांगितलं!

९ मे १९६० रोजी लॉस एंजेलिसच्या टेकडीवरच्या स्टाल हाउसमध्ये त्यांनी हीच युक्ती उलट्या बाजूने, घराकडून शहराकडे बघत केली. या घराची रचना वास्तुरचनाकार पिअर कोनिग यांची. घरातल्या गोल दिव्यांत फ्लॅशबल्ब, म्हणजे एकदाच क्षणभर लखकन पेटणारे बल्ब, बसवले. दोघी तरुणी अंधारात बसून राहिल्या, तेवढ्यात सुमारे सात मिनिटं खालच्या शहराचे दिवे फिल्मवर उतरले. मग बल्ब उडवले आणि क्षणात खोली उजळली. गाजला तो हा फोटो; कसब मात्र मला १९४७च्या फोटोत जास्त दिसतं. शहराचे दिवे वाट बघतात, मावळतीचं आकाश बघत नाही.

खोली अशी क्षणात उजळणं फ्लॅशबल्बमुळेच शक्य झालं. त्याआधी मॅग्नेशियमची पूड पेटवावी लागे, आणि खोलीभर धूर होई. काचेतले फ्लॅशबल्ब १९३०च्या सुमारास बाजारात आले.

रंगीत फिल्म आल्यावर नवी कटकट. पिवळ्या बल्बच्या उजेडासाठी, ३२०० केल्विनला (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा कमी तितका उजेड पिवळा, जास्त तितका निळसर) जुळवलेली फिल्म वापरली की दिवे नैसर्गिक दिसत आणि बाहेरचं आभाळ आणखी निळं होई. लोकांना ते निळं आवडलं. ट्यूबलाइट मात्र हिरवट उतरे; तिला मॅजेंटा, म्हणजे जांभळट गुलाबी, फिल्टर लागे.

आता डिजिटलमध्ये हेच काम थरांनी होतं. कॅमेरा तिकाटण्यावर पक्का, एक फ्रेम आकाशाची, मग एकेका दिव्याची, आणि जुळवाजुळव संगणकावर. धावपळ कमी झाली, रंगांचा घोळ राहिला. आपल्याकडे एकाच हॉलमध्ये ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब आणि ३००० चे पिवळे स्पॉटलाइट सर्रास असतात. त्यामुळे अंधार पडायच्या आत आधी ट्यूब बंद करायची, आणि उरलेले बल्ब एका रंगाचे आहेत ना, ते बघायचं.