चाकांवर जाणारा डबा आणि लादून जाणारा डबा

कारखान्यातून बाहेर पडलेला रेल्वेचा डबा खरेदीदाराकडे निघतो तेव्हा कागदोपत्री तो मालच असतो. मात्र तो स्वतःच्या चाकांवर गाडीला जोडून जाणार की दुसऱ्या वाहनावर लादून जाणार, यावर त्याची तयारी ठरते, आणि ती बऱ्याच बाबतींत एकमेकांच्या उलट असते.

चाकांवर जाणारा डबा वाटेत गाडीचाच भाग असतो. म्हणून आधी गेज, म्हणजे दोन रुळांमधील अंतर, पाहावे लागते, कारण १४३५ मिलिमीटर गेजचा डबा १६७६ मिलिमीटरच्या रुळांवर चालवता येत नाही. कपलर, म्हणजे डबे एकमेकांना जोडणारा भाग, जुळत नसेल, तर दोन टोकांना दोन प्रकारचे कपलर असलेले वाहन मध्ये जोडतात. ब्रेकची हवा शेवटच्या वाहनापर्यंत सलग पोहोचली पाहिजे आणि हातब्रेक पूर्ण सुटलेला पाहिजे. तो लागलेलाच राहिला, तर चाक न फिरता रुळावर घासत जाते, त्यावर सपाट चट्टा पडतो आणि नंतर प्रत्येक फेऱ्याला तो रुळावर आदळत राहतो.

लादलेल्या डब्याचे चाक मात्र फिरताच कामा नये. तिथे हातब्रेक लावतात, पण भिस्त त्याच्यावर न ठेवता चाकांना अडसर घालतात आणि निर्मात्याने दाखवलेल्या जागीच साखळ्या बांधतात. माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते स्प्रिंगांकडे. त्या मोकळ्या राहिल्या, तर धक्क्यासरशी डबा खाली दबतो आणि घट्ट ताणलेली साखळी त्या क्षणी सैल पडते; म्हणून स्प्रिंगांची हालचाल आधी बंद करावी. उंचीचा प्रश्न वेगळाच: ३.८ मीटर उंचीचा डबा १.१ मीटर उंच सपाट वॅगनवर चढवला की ४.९ मीटर होतो आणि अनेक मार्गांवरील पुलांखालून जात नाही. अशा वेळी बोगी, म्हणजे चाके आणि ॲक्सल बसवलेले सांगाडे, काढून वेगळे पाठवतात.

सीमाशुल्काचे वर्गीकरण मात्र वाहतुकीच्या पद्धतीने बदलत नाही. स्वतःच्या शक्तीने न चालणारा प्रवासी डबा सीमाशुल्क दरसूचीतील ८६०५ या शीर्षकात, तसाच मालडबा ८६०६ मध्ये आणि सुट्या बोगी ८६०७ मध्ये येतात. सुटा करून पाठवलेला डबा त्याच्या बोगींसह एकत्र सादर केला, तर तो पूर्ण डबाच मानला जातो. म्हणून डब्याचा वरचा भाग आणि बोगी एकाच मालाचे भाग आहेत, हे पॅकिंग यादीत स्पष्ट लिहिलेले असावे.