खळ्यातला खराटा आणि कॅमेरा

कोकणातला फोटो म्हणजे तारकर्लीचा सूर्यास्त, असं जणू ठरूनच गेलंय. खळ्यात भिंतीला टेकवलेल्या खराट्याचा फोटो कुणी काढलाच, तर घरचे विचारणार, "ह्येच्यात काय आसा?"

विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट या इंग्रजानं १८४४ मध्ये नेमका असाच फोटो काढला. उघडं दार, त्याला तिरका टेकलेला झाडू, बाजूला टांगलेला कंदील. 'द पेन्सिल ऑफ नेचर' या पुस्तकात तो छापताना त्यानं लिहिलं, की रोजच्या ओळखीच्या गोष्टी चित्रात घ्यायला डच चित्रकारांचा आधार पुरेसा आहे. सतराव्या शतकात हॉलंडमधल्या प्रॉटेस्टंट चर्चला धार्मिक चित्रं नको झाली. नवं गिऱ्हाईक व्यापारी. त्यांना घरात लावायला घरातलीच दृश्यं चालत. व्हर्मीर या डच चित्रकाराची दूध ओतणारी मोलकरीण त्यातलीच. त्यानं कॅमेरा ऑब्स्क्युरा, म्हणजे बारीक छिद्रातून बाहेरचं दृश्य आत पाडणारी अंधारी खोली, वापरली का, यावर तज्ज्ञ अजून भांडतात.

ही अंधारी खोली आपल्या कौलारू घरात आयतीच असते. कौलांमधली बारीक फट वेडीवाकडी असली तरी सारवलेल्या जमिनीवर कवडसा गोल किंवा लांबट गोल पडतो, कारण ती सूर्याची प्रतिमा असते. फट चार मीटर वर आणि सूर्य डोक्यावर असेल, तर कवडसा साधारण पावणेचार सेंटिमीटरचा. खंडग्रास ग्रहणात त्याची कोर होते.

प्रतिमा होतीच, ती धरून ठेवणारं रसायन नव्हतं. टॅल्बटनं कागदावर सिल्व्हर आयोडाइड चढवलं. उजेडानं त्यावर न दिसणारा ठसा उमटे आणि गॅलिक आम्ल घातलेल्या द्रावणानं तो दिसू लागे. तरी कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवावा लागे. १८३८ मध्ये डागेर या फ्रेंच छायाचित्रकारानं पॅरिसचा गजबजलेला रस्ता टिपला, तर चालती माणसं, घोडागाड्या सगळं गायब! बूट पॉलिश करून घेणारा एका जागी उभा, म्हणून उरला. झाडू हलत नाही. टॅल्बटच्या निवडीत डच परंपरेइतकाच याचाही वाटा असावा, असं मला वाटतं.

सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांच्या प्रसिद्ध जलरंगचित्रात तरी काय आहे? हातात दिवा घेतलेली बाई. बोटांमधून चेहऱ्यावर चढणारा उजेड, सगळं कसब तिथे.

भर दुपारी खराट्याची सावली बुडाशीच गोळा होते, फोटो सपाट येतो. सकाळी ऊन आडवं असताना एकेका हिराची सावली चिऱ्यांवर सुटी दिसते. फोन तेव्हा काढावा.