बालक व कुमारांतील मनोविकारांचे प्रमाण

बालक व कुमारांतील मनोविकारांचे प्रमाण : एखाद्या लोकसमूहातील अठरा वर्षांखालील मुलामुलींपैकी ठरावीक काळात किती जणांना निदान करण्याजोगा मनोविकार असतो, याचे साथरोगशास्त्रीय मापन. हे प्रमाण सामान्यतः शेकडा १० ते २० सांगितले जाते. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयोगटासाठी सातात एक, म्हणजे सुमारे १४ टक्के, हा आकडा वापरते. पोलांचिक व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये २७ देशांतील ४१ पाहण्या एकत्र करून १३.४ टक्के हे प्रमाण काढले. त्यात चिंताविकार ६.५, उद्दाम व समाजविघातक वर्तनाचे विकार ५.७, अवधान-अभाव व अतिचंचलता ३.४ आणि नैराश्य २.६ टक्के असे गट पडतात. एकाच मुलात दोन-तीन विकार एकत्र आढळणे ही नित्याची गोष्ट असल्याने या गटांची बेरीज एकूण प्रमाणापेक्षा जास्त भरते.

अशा सरासरीमागे केवढी तफावत दडलेली असते, हे रॉबर्ट्स व सहकाऱ्यांच्या १९९८ मधील आढाव्यातून दिसते. त्यांनी तपासलेल्या ५२ पाहण्यांत प्रमाण सुमारे १ टक्क्यापासून ५१ टक्क्यांपर्यंत होते. मुलामुलांत इतका फरक असणे शक्य नाही. तो बव्हंशी मोजणाऱ्यांच्या पद्धतीत आहे.

या मोजणीचा आरंभ कोठून धरावा, याविषयी एकमत नाही. बर्कली येथील मुलांच्या वर्तनसमस्यांचा दीर्घकालीन अभ्यास १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. लापूस व मंक यांनी बफलो शहरातील ६ ते १२ वर्षांच्या ४८२ मुलांच्या मातांच्या मुलाखती घेऊन १९५८ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांत ४३ टक्के मुलांना सात किंवा अधिक गोष्टींची भीती वा काळजी वाटत असल्याचे आढळले. मात्र या दोन्ही अभ्यासांत लक्षणे मोजली गेली, विकार नव्हे. निम्म्याच्या आसपास मुलांत आढळणारी गोष्ट विकार मानावी की बालपणाचा भाग, हा प्रश्न तेथेच उभा राहिला. म्हणून बहुतेक अभ्यासक इंग्लंडमधील आइल ऑफ वाइट या बेटावरील पाहणीलाच आरंभ मानतात, आणि ते अधिक सयुक्तिक वाटते. मायकल रटर, जॅक टिझर्ड व किंग्जली व्हिटमोर यांनी १९६४-६५ मध्ये तेथील १० व ११ वर्षांच्या मुलांची दोन टप्प्यांत पाहणी केली. आधी पालक व शिक्षक यांच्याकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि नंतर निवडक मुलांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. प्रमाण सहा ते सात टक्के भरले. हीच पद्धत पुढे लंडनच्या दाट वस्तीच्या एका भागात वापरली, तेव्हा ते जवळजवळ दुप्पट निघाले. बेटावरील मुले १४-१५ वर्षांची झाल्यावर पुन्हा भेटली असता त्यांतील अनेकांनी मनातली उदासी बोलून दाखवली. घरच्यांना व शिक्षकांना तिचा पत्ता नव्हता.

पद्धतीतील सर्वांत वादग्रस्त मुद्दा म्हणजे रेषा कोठे ओढावी. दहा वर्षांची एक मुलगी कुत्र्याला घाबरते आणि दिसताच पलीकडच्या पदपथाने जाते. नुसती लक्षणांची यादी लावली, तर ती विशिष्ट भयगंडाच्या निकषांत बसू शकते. तीच मुलगी वाटेत कुत्रा भेटेल म्हणून शाळेतच जाईनाशी झाली, तर मात्र दैनंदिन व्यवहार अडला, असे म्हणता येते. हेक्टर बर्ड व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्वेर्तो रिकोतील पाहणीत या फरकाची किंमत आकड्यांत दिसली. ४ ते १६ वयोगटातील ४९.५ टक्के मुले तत्कालीन अमेरिकन निदानसूचीच्या निकषांत बसत होती. व्यवहारातील अडथळ्याची अट घालताच प्रमाण १७.९ टक्क्यांवर आले. सूचीच्या १९९४ मधील चौथ्या आवृत्तीत अनेक विकारांसाठी लक्षणीय त्रास किंवा अडथळा ही अट घालण्यात आली. यावरही आक्षेप आहे. अँगोल्ड, कॉस्टेलो इत्यादींनी १९९९ मध्ये दाखवून दिले, की काही मुलांचा व्यवहार लक्षणांमुळे स्पष्टपणे अडतो, पण ती कोणत्याच निदानाच्या चौकटीत बसत नाहीत. आक्षेप रास्त असला, तरी सेवांचे नियोजन करताना अडथळ्याची अट असलेले आकडे जास्त उपयोगी पडतात.

दुसरा मुद्दा, विचारायचे कोणाला? अकेनबाख व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ११९ अभ्यासांची छाननी केली. आई व वडील यांसारख्या एकाच भूमिकेतील माहितीदारांच्या उत्तरांतील सहसंबंध (उत्तरे तंतोतंत जुळल्यास १, मुळीच न जुळल्यास ०) सरासरी ०.६० होता, पालक व शिक्षकांसारख्या वेगळ्या भूमिकांत तो ०.२८ पर्यंत उतरला, तर मूल स्वतः व इतर यांच्यात ०.२२ इतकाच राहिला. कोणी खोटे बोलते असे नव्हे. वर्गातली चुळबुळ घरी दिसत नाही आणि रात्रीची घालमेल वर्गात दिसत नाही. ढोबळमानाने, वर्तनाच्या समस्या मोठ्यांना आधी जाणवतात. चिंता व नैराश्य मात्र मुलाला स्वतःलाच विचारावे लागते.

साधनांपैकी रॉबर्ट गुडमन यांची १९९७ मधील प्रश्नावली बरीच रूढ आहे. तीत २५ विधाने असून प्रत्येकापुढे ‘खरे नाही’, ‘थोडेफार खरे’, ‘नक्की खरे’ यांपैकी एकावर खूण करायची असते. त्यांतील पाच विधाने इतरांशी चांगुलपणाने वागण्याविषयी असून ती एकूण गुणांत धरत नाहीत. उरलेल्या वीस विधानांतून ० ते ४० गुण होतात. ही चाळणी, म्हणजे पुढे तपासावी अशी मुले वेगळी काढण्याचे साधन आहे, निदान नव्हे. वृत्तपत्रांतील मोठे आकडे पुष्कळदा अशा चाळणीतून आलेले असतात. कोविड-१९ च्या काळातील २९ अभ्यासांच्या २०२१ मधील संकलनात नैराश्याचे प्रमाण २५.२ व चिंतेचे २०.५ टक्के आले. ते ठरावीक गुणसंख्येच्या वर गेलेल्या मुलांचे आहे.

कालावधीनेही आकडा पालटतो. अमेरिकेतील ग्रेट स्मोकी माउंटन्स अभ्यासात मागील तीन महिन्यांचे प्रमाण १३.३ टक्के होते, पण वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत केव्हा ना केव्हा विकार झालेली मुले ३६.७ टक्के भरली. मेरिकंगास व सहकाऱ्यांच्या २०१० मधील अहवालात १३ ते १८ वर्षांच्या अमेरिकन मुलांचे आजवरच्या आयुष्यातील प्रमाण ४९.५ टक्के, तर तीव्र स्वरूपाचे २२.२ टक्के आहे. नमुना कोठून घेतला यानेही फरक पडतो. मल्होत्रा व पात्रा यांच्या २०१४ मधील भारतीय पाहण्यांच्या संकलनात घरोघरच्या पाहण्यांतून ६.४६, तर शाळांतील पाहण्यांतून २३.३३ टक्के असे प्रमाण निघाले.

लहान वयात अतिचंचलता व वर्तनविकार मुलग्यांत अधिक आढळतात. वयात आल्यावर नैराश्याचे पारडे मुलींकडे झुकते. प्रौढपणीच्या मनोविकारांपैकी निम्मे १४ व्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात, हे केसलर यांचे २००५ मधील विधान सर्रास उद्धृत होते. सोल्मी व सहकाऱ्यांच्या २०२२ मधील १९२ अभ्यासांच्या संकलनात १४ वर्षांपूर्वीचा वाटा ३४.६ टक्के व १८ पूर्वीचा ४८.४ टक्के आहे. हा अंदाज व्यापक पायावरचा असल्याने अलीकडे त्याकडे कल दिसतो.

प्रमाण वाढत आहे काय, याचे उत्तर एकच साधन पुनःपुन्हा वापरलेल्या मोजक्या ठिकाणीच शोधता येते. इंग्लंडमधील ५ ते १५ वर्षांच्या मुलांत निदानाधारित प्रमाण १९९९ मध्ये ९.७, २००४ मध्ये १०.१ व २०१७ मध्ये ११.२ टक्के होते. म्हणजे वाढ मंद, मुख्यतः भावनिक विकारांतली. त्यानंतरच्या फेऱ्यांत गुडमन प्रश्नावलीवरून ‘संभाव्य विकार’ मोजले गेले आणि ५ ते १६ वयोगटात आकडा २०१७ च्या १०.८ वरून २०२० मध्ये १६ टक्क्यांवर गेला. अतिचंचलतेबाबत, पोलांचिक यांच्याच २०१४ मधील विश्लेषणानुसार, लोकसमूहातील प्रमाण तीन दशकांत वाढल्याचा पुरावा नाही. दवाखान्यांत होणारी निदाने मात्र वाढली आहेत.

पाच वर्षांखालील मुलांविषयी पाहण्या तुरळक आहेत. ५ ते १७ वयोगटासाठीही विकारनिहाय आकडेवारीची व्याप्ती तोकडी असून, २०१७ मधील एका परीक्षणानुसार जगातील या वयाच्या सरासरी ६.७ टक्के मुलांपुरतीच ती उपलब्ध होती. बहुसंख्य देशांचे आकडे शेजारच्या वा तत्सम देशांवरून गणिताने काढलेले असतात.