मेसेज ‘दहा मिनिटांनी’ द्यायचा, पण कोणत्या घड्याळाने?

नागपुरात कळमन्याच्या बाजाराजवळ एखादं शीतगृह आहे आणि संत्र्यांच्या खोलीचं तापमान एक प्रोग्रॅम सांभाळतो आहे, असं धरा. एक थ्रेड (प्रोग्रॅमच्या आत स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा) दर 10 सेकंदांनी सेन्सर वाचतो, दुसरा नोंदी ठेवतो, तिसरा इशारा देतो. सेन्सर 10 मिनिटं गप्प राहिला तर इशाऱ्याच्या थ्रेडला मेसेज गेला पाहिजे. त्याआधी एक जरी वाचन आलं तर तो मेसेज रद्द झाला पाहिजे. एवढ्याशा कामामागे पन्नास वर्षांची खटपट आहे. तिच्यात दोन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात: वाट कोणी पाहायची, आणि कोणत्या घड्याळाने.

नवशिक्याला सुचणारं उत्तर म्हणजे प्रत्येक मेसेजसाठी नवा थ्रेड काढायचा, त्याला झोपवायचा आणि उठला की मेसेज टाकायला लावायचा. पाच-दहा मेसेजपर्यंत हे निभतं. पुढे मात्र प्रत्येक थ्रेडचा स्टॅक (त्याच्यासाठी राखलेली मेमरी) आणि त्यांच्यातली अदलाबदल अंगावर येते. शिवाय झोपलेल्या थ्रेडला ‘आता नको’ असं सांगण्याची सोय वेगळी करावी लागते.

वाट पाहण्याचं काम एकाच ठिकाणी ठेवण्याची कल्पना जुनी आहे. 1975 च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलजवळ, म्हणजे गाभ्याजवळ, पुढे करायच्या कामांचा फक्त 20 नोंदींचा एक तक्ता होता. त्यातली युक्ती आजही शिकण्यासारखी आहे. तीन कामं 5, 8 आणि 20 टिकांनी (घड्याळाच्या ठोक्यांनी) करायची असतील, तर तक्त्यात 5, 3 आणि 12 लिहिलं जाई, म्हणजे आधीच्या नोंदीपासूनचं अंतर. त्यामुळे प्रत्येक टिकेला फक्त पहिल्या आकड्यातून एक वजा केला की भागे. टिकही विजेच्या तारेवरून येई: अमेरिकेत सेकंदाला 60, आणि आपल्यासारख्या 50 हर्ट्झच्या वीजपुरवठ्यावर 50. उणीव होती ती नवी नोंद घालताना. योग्य जागा शोधत तक्ता चाळावा लागे आणि पुढच्या नोंदी सरकवाव्या लागत.

नोंदी हजारोंनी वाढल्यावर हे चाळणंच महाग पडू लागलं. 1987 मध्ये जॉर्ज वर्गीस (मुंबईच्या आयआयटीचे पदवीधर) आणि टोनी लॉक यांनी टायमरची चाकं मांडली. घड्याळाच्या तबकडीसारखे कप्पे करायचे, काटा दर टिकेला एक कप्पा पुढे सरकणार, आणि त्या कप्प्यात असेल तेवढंच तपासायचं. लांबच्या वेळांसाठी सेकंद, मिनिट, तास अशी एकाहून मोठी चाकं. लिनक्सने हीच कल्पना घेतली. 2016 मध्ये, 4.8 आवृत्तीत, मोठ्या चाकातून छोट्या चाकात नोंदी उतरवण्याचं काम काढून टाकलं आणि त्यासाठी लांबच्या टायमरची थोडी अचूकता सोडली. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. बहुतेक टाइमआउट (‘एवढ्या वेळात काही झालं नाही तर’ म्हणून लावलेले टायमर) वाजण्याआधीच रद्द होतात. आपल्या शीतगृहातही सेन्सर नीट असेल तर 10 मिनिटांचा टायमर दर 10 सेकंदांनी रद्द होऊन नव्याने लागतो आणि कधीच वाजत नाही.

कर्नलबाहेर, आपल्या प्रोग्रॅममध्ये, यासाठी एक थ्रेड आणि वेळेच्या क्रमाने लावलेली एक रांग पुरते. मेसेज रांगेत टाकताना ‘अजून 10 मिनिटं’ असं न लिहिता ठरलेला क्षण लिहायचा. थ्रेड पहिल्या मेसेजच्या क्षणापर्यंत थांबतो. नवा मेसेज सगळ्यांच्या आधीचा असेल तर त्याला लगेच उठवायचं. ही एक ओळ विसरली की 2 सेकंदांचा मेसेज 10 मिनिटांच्या मेसेजमागे अडकून पडतो. उठल्यावर वेळ पुन्हा तपासायचीच, कारण कारणाशिवाय जाग येणं नियमाला धरून आहे. क्षण लिहिलेला असला तर पुन्हा झोपताना हिशेब चुकत नाही.

जावा या भाषेच्या 1.3 आवृत्तीतला टायमर असाच एका थ्रेडचा होता. एक काम रेंगाळलं की मागची सगळी उशिरा, आणि एका कामातून न पकडलेली चूक (एक्सेप्शन) बाहेर पडली की अख्खा टायमर बंद. 2004 मध्ये जावा 5 ने अनेक थ्रेडचा शेड्यूलर दिला. तिथेही पुन्हा पुन्हा चालणाऱ्या कामाने चूक फेकली तर त्याच्या पुढच्या फेऱ्या गुपचूप थांबतात. इतर कामं चालूच राहत असल्याने हे लक्षात यायला वेळ लागतो. म्हणून अशा कामाच्या आत चूक पकडून लॉगमध्ये लिहिणं सोडू नये.

घड्याळाचा प्रश्न सुटायला मात्र जास्त वर्षं गेली. भिंतीवरचं घड्याळ माणसांनी आपसात ठरवलेलं असतं. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची, नागपूर 79 च्या जरा पुढे. तिथल्या झीरो माइलच्या खांबावर सूर्य सरासरी 13-14 मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. ठरवलेली गोष्ट दुरुस्तही होते. मे महिन्यात वीज गेली, घड्याळाची बॅटरी संपलेलं यंत्र पुन्हा सुरू झालं आणि 1970 दाखवू लागलं. मग इंटरनेटवरून खरी वेळ आली. इशाऱ्याचा क्षण भिंतीच्या घड्याळाने लिहिला असेल तर तो त्या क्षणी मागे पडतो आणि भोंगा लगेच वाजतो. उलट घड्याळ तासभर मागे केलं तर इशारा एक तास दहा मिनिटांनी येतो. म्हणून अंतर मोजायला फक्त पुढेच जाणारं, मोनोटॉनिक घड्याळ हवं. पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या प्रमाणातल्या कंडिशन व्हेरिएबलचं (थ्रेडला थांबवून नंतर उठवणाऱ्या सोयीचं) मूळ घड्याळ आजही भिंतीचंच असतं. दुसरं मुद्दाम निवडावं लागतं. लिनक्सवर सी++ मधली स्थिर, म्हणजे मोनोटॉनिक, घड्याळाची प्रतीक्षासुद्धा जीसीसी या कंपायलरची 10 वी आवृत्ती 2020 मध्ये येईपर्यंत आतून भिंतीच्या घड्याळावरच चालायची.

1 जुलै 2012 ला भारतीय वेळेने पहाटे साडेपाचला जगाच्या घड्याळात एक लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी वेळ जुळवायला घालायचा जादा सेकंद) घातला गेला. लिनक्स कर्नलने ही दुरुस्ती आपल्या सूक्ष्म टायमरना कळवलीच नाही. ते एक सेकंद पुढे राहिले, आणि सेकंदाहून छोट्या प्रतीक्षा सुरू होताच संपू लागल्या. थांबायचे ते थ्रेड गरगर फिरत राहिले आणि सर्व्हर तापले. आहे तीच वेळ डेट कमांडने पुन्हा सेट केली की ते शांत होत.

मोनोटॉनिक घड्याळही एकच नाही. अँड्रॉइडचा हँडलर (थ्रेडच्या रांगेत मेसेज टाकणारा भाग) ज्या घड्याळाने उशिराचे मेसेज लावतो, ते फोन गाढ झोपेत गेला की थांबतं; 10 मिनिटांचा मेसेज तासांनी येऊ शकतो. लिनक्सच्या मोनोटॉनिक घड्याळाचंही तसंच, झोपेचा वेळ धरायचा तर बूटटाइम घड्याळ घ्यावं लागतं.

सगळं बरोबर असून मेसेज रखडतो तो लॉकमुळे, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कुलपामुळे. 1997 मध्ये मंगळावरचं पाथफाइंडर यान पुन्हा पुन्हा रीसेट होत होतं. हवामानाच्या कमी प्राधान्याच्या कामाने मेसेजच्या पाइपसाठी लागणारं लॉक धरलं होतं, मधल्या प्राधान्याची कामं त्याला चालू देत नव्हती, आणि वरच्या प्राधान्याचं काम त्या लॉकसाठी ताटकळत होतं. काम वेळेत न झाल्याचं दिसताच यंत्रणा स्वतःला रीसेट करी. लॉक धरणाऱ्याला वाट पाहणाऱ्याचं प्राधान्य देण्याची सोय पृथ्वीवरून चालू केली आणि रीसेट थांबले.

राहिलं रद्द करणं. टायमर रद्द केला त्याच क्षणी त्याचा मेसेज इशाऱ्याच्या रांगेत आधीच पडलेला असू शकतो. अर्लांग या भाषेत टायमर सुरू करताना एक खूण मिळते आणि तीच मेसेजसोबत येते, ती यासाठीच. शीतगृहाच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक नव्या वाचनाला एक क्रमांक वाढवायचा, तोच टायमरच्या मेसेजवर लिहायचा, आणि इशाऱ्याच्या थ्रेडने चालू क्रमांकाशी न जुळणारा मेसेज टाकून द्यायचा.