बुलेटचा डीकॉम्प्रेसर दाबून धरून किक मारायची नसते

जुनी, कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट ३५० घेतली की पहिला सल्ला ठरलेला असतो: डाव्या हाताकडचा डीकॉम्प्रेसरचा छोटा लिव्हर दाबून धर आणि जोरात किक मार. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा सल्ला चुकीचा आहे.

लिव्हर दाबला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचललेला राहतो. म्हणून किक हलकी लागते, पण त्याच वाटेने दाबही निघून जातो. दाबच नाही, तर ठिणगी पडून पेटणार काय?

लिव्हरचं काम किकच्या आधीचं आहे, पिस्टन योग्य जागी आणण्याचं. चावी चालू करून किक हळूहळू दाबायची. अँमीटरचा (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरचा) काटा मध्यावर आला आणि पाय अडला, की पिस्टन कॉम्प्रेशनच्या, म्हणजे इंधन-हवेचं मिश्रण दाबण्याच्या, टोकाजवळ आहे. आता लिव्हर दाबून किक थोडीशीच पुढे ढकलायची. मग लिव्हर सोडायचा, हे विसरायचंच नाही. किक पूर्ण वर येऊ द्यायची आणि मगच एक लांब, सलग किक मारायची.

टोक ओलांडल्यामुळे क्रँकला (पिस्टनला जोडलेल्या फिरत्या दांड्याला) पुढच्या कॉम्प्रेशनआधी सुमारे दीड फेरा मोकळा मिळतो. तेवढ्यात त्याच्यावरचं जड चाक, फ्लायव्हील, वेग घेतं आणि ७० मिलिमीटरचा पिस्टन पुढचा दाब सहज पार करतो. पिस्टन टोकाच्या अलीकडे असताना अर्धवट किक मारली, तर ती उलटी फिरून घोट्यावर बसू शकते. नव्या माणसाला आधी हे सांगा.